मिशाळ माशीची मादी

आणे, ८ सप्टेंबर

भरत्या,

हे पत्र मी श्रावणापासून लिहितोय. म्हणजे वही उघडतो, वर तुझं नाव घालतो, तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं, नाहीतर पेटीवर गांधीलमाशी येते, नाहीतर काही कारण नसताना मलाच उठून जावंसं वाटतं. एकदा तुझं नाव लिहिलं आणि जो उठलो तो थेट ओतूरच्या यात्रेत जाऊन कुस्त्या बघत बसलो. वही परत हाताला लागली तेव्हा गणपती बुडवून झाले होते. फोनवर दोन मिनिटांत झालं असतं, पण तिथं तू मला बंद करून टाकलंयस. तुझ्या हळदीला मी जे बोललो त्यावरून. मी एकदाच बोलणार होतो. लोक हसले म्हणून दुसऱ्यांदा बोललो.

सध्या मी रामदासशेटच्या मधपेट्या राखतो. पठारावर तीळ फुललाय म्हणून पेट्या इथं आणल्यात. तीळ झाला की पेट्या दुसरीकडं जातील आणि पेट्यांबरोबर मी. शेट म्हणतात, "मधमाशा तरी सांजच्याला घरी येतात, तुझा काय भरवसा न्हाई." डिंभ्याच्या धरणात मासेमारीची जाळी टाकायला म्हणून गेलो तो दोन पावसाळे तिथंच राहिलो, आणि नारायणगावला टोमॅटोचे क्रेट उचलायला गेलो तो आठवड्यात परत. आयटीआयचं तर तुला माहीतच आहे.

तर मुद्दा. बेल्ह्याच्या बाजारात तुझे वडील भेटले. भिमाजीतात्या बैलांच्या दावणीपाशी उभे होते. चार माणसांत मोठ्यानं म्हणाले, "आमच्या भरतला त्या माशीची बायकू पायजेल म्हनं. नर हायेत दोन. बायकू घावली न्हाई तर समदं अडून बसलंय तिकडं बेंगलोरला."

"मंग येखादा मध्यस्थ बगा की," बैलवाला म्हणाला.

तात्या हसले नाहीत. मला म्हणाले, "सूनबाई येनार हाय शोधाया. तू जरा हिंडव तिला. तुला रानं ठावं हायेत."

मी बैलाचे दात बघत राहिलो.

भरत्या, ती आपली माशी आहे. कॉलेजच्या लायब्ररीतलं ते जाड पुस्तक तू शर्टाखाली घालून आणलंस, आणि मी चहाच्या गाळणीला काठी बांधून जाळी केली. कातळावर पालथे पडून आपण लुटारू माश्या बघायचो. दगडावर बसायचं, मान वळवून आभाळ न्याहाळायचं, उडत्या किड्यावर झेप घ्यायची, सोंड खुपसायची आणि परत त्याच दगडावर येऊन निवांत पिऊन टाकायचं. आत विष सोडतात, किडा आतल्या आत पातळ होतो, हे तू सांगितल्यावर मला दोन दिवस आमटी गेली नव्हती. या कुळातल्या सगळ्यांच्या दोन डोळ्यांमध्ये खाच असते आणि तोंडावर राठ केसांची मिशी असते, धडपडणाऱ्या भक्ष्याच्या पायांपासून तोंड वाचावं म्हणून. ते तू वाचून दाखवलंस. आणि पांढऱ्याशुभ्र मिशीची ती बारकी राखाडी माशी मी दाखवली. तिला आपण 'म्हातारा' म्हणायचो. पुस्तकात ती कुठंच नव्हती. तुझ्याकडचे दोन्ही नर माझ्या हातचे आहेत. टाचणीला लावले तू, पण गाळणी माझी होती.

त्याच पुस्तकात त्या काडीसारख्या बारीक कंबरेच्या माश्या होत्या ना, ज्यांना मधे कुणी विद्वानानं वेगळं कुळ काढून दिलं होतं आणि पुढं परत मूळ घरात घेतलं? मी म्हटलं होतं, म्हणजे वाटणी झाली आणि मोडली. आमच्या चुलत्यांत हे कधी व्हायचं? तू इतका हसलास की हातातला डबा सांडला. हे मी का लिहितोय ते माहीत नाही. हां, म्हणजे असं, की आपल्या दोघांचं जे होतं त्यात तिसरं माणूस कशाला? मादी मिळाली की नवी जात म्हणून छापून येणार. आणि मादी ज्याच्या हाताला लागली त्याचं नाव तिच्या चिठ्ठीवर कायमचं राहणार. ते नाव तुझ्या बायकोचं, समृद्धीचं नको. तिला पाठवू नकोस, मी शोधतो. डिंभ्याला बघायचं कामच नाही, तिथं दोन पावसाळ्यांत मला एकही म्हातारा दिसला नाही. तिथल्या वठलेल्या झाडांवर असतात त्या वेगळ्याच, मोठ्या, काळ्या, केसाळ. आपली असली तर इथंच, पठारावर.

उद्या आळेफाट्याला जातोय, तेव्हा टाकतो.

सूरज

आणे, १७ सप्टेंबर

भरत्या,

पहिलं पत्र अजून माझ्याकडंच आहे. आळेफाट्याला गेलो होतो, पण पोस्ट जेवणाच्या सुट्टीला बंद होतं, तेवढ्यात नगरची गाडी लागली, आणि मला नगर बघून बरेच दिवस झाले होते.

ती आली. कळंबहून, माहेरच्या स्कूटरवर, पाठीला जाळी बांधून. मी पेट्यांपाशी होतो.

"भावजी, मी समृद्धी."

"माहिती आहे."

"हो, हळदीला ओळख झालीच की आपली. 'ही माशी पकडणारी न्हाई, माशीवाला पकडणारी हाय.' आमच्या कळंबात अजून चालू आहे ते. माझा भाऊ मला आता माशीवालीच म्हणतो."

मी पेटीचं झाकण काढून आत बघत राहिलो. हातमोजे न घालता. दोन माश्या डसल्या, पण तोंड वर करण्यापेक्षा ते बरं होतं.

मग तिनं दगडावर बसून सगळं समजावलं. तुझ्या सरांना शंका आहे की आपला म्हातारा नवी जात नसेलच, जुन्याच कुठल्यातरी माशीचा उजळ रंग असेल. मादीचं शेपूट बघितलं की कुठल्या शाखेत बसते ते कळेल. शेपटाला काट्यांचं कडं असेल तर ती माती उकरून अंडी घालणारी, आणि सुरीसारखं चपटं असेल तर सालीच्या फटीत नाहीतर गवताच्या बोंडात घालणारी. पाऊस हटला की माश्या संपल्या. दिवाळीपर्यंत मादी मिळाली नाही तर तुझी शिष्यवृत्ती संपते आणि हे काम दुसऱ्याच्या टेबलावर जातं. हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. सांगणार कसा, मी बंद आहे.

चांगलं समजावते, राव. मधे मधे "भरत म्हणतो" असं म्हणते. नुसतं भरत. माझ्या आईनं जन्मात बापाचं नाव तोंडानं घेतलं नाही, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण हिनं तुझं नाव असं सहज, चहा मागावा तसं घेतलं की मला पेट्या मोजाव्याशा वाटायच्या.

तरीही मी सांगितलं असतं. हा कातळ, ही उतरण, इथं सकाळचं ऊन पहिल्यांदा लागतं, सगळं सांगितलं असतं. पण ती म्हणाली, "तुम्ही शेवटचा म्हातारा कुठं पाहिला, भावजी?"

म्हातारा. तिला तो शब्द माहीत होता. तू दिलास.

मी म्हटलं, "डिंभ्याला."

"डिंभ्याला? भरत तर पठारच म्हणत होता."

"नर पठारावर. मादी तिकडं. धरणाच्या कडंला वठलेली झाडं हायेत, त्यांच्या सालीत अंडी घालते. म्या बघितलंय."

तिनं वही काढता काढता माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, ओळखलं हिनं. तर म्हणाली, "बरं झालं तुम्हाला विचारलं. भरत म्हणाला होता, माशीचं सूरज जे सांगेल ते खरं असतं, बाकीचं सोडून दे."

आणि मी तिला ठकूबाईचं घर सांगितलं. मी डिंभ्याला ज्यांच्याकडं राहायचो त्या ठकूबाई, घराबाहेर होडी पालथी घातलेली असते. वाटेत घोडेगावला पेट्रोल भरा, पुढं मिळणार नाही, असंही सांगितलं. असलं सगळं खरं सांगितलं.

आता हे पत्र टाकलं तर तू तिला लगेच फोन करणार. म्हणून दोन दिवस थांबतो. दोन दिवसांत कंटाळून ती आपली आपण परत जाईल.

सूरज

डिंभे, २६ सप्टेंबर

भरत्या,

ती गेली नाही. म्हणून मी आलो. पेट्या शेटच्या घरच्यांवर सोपवल्या. घोडेगावच्या पुढची एसटी आलीच नाही, दुधाच्या टेम्पोत कॅनवर बसून आलो. ती कशी फजीत होते ते बघावं, एवढ्यासाठी आलो. तुझ्यापाशी काय लपवायचं.

ठकूबाईनं दारातच धरलं. "आलास व्हय? ही तुझी भावजय बग. लई गुनाची. तू दोन वरसं हितं जेवलास, येकदा तरी ताट उचललंस का रं?"

रात्री जेवायला कटला मासा होता. डोकं तिच्या ताटात गेलं. भरत्या, ते डोकं माझं असायचं. दोन पावसाळे मी ठकूबाईच्या हातचं कटल्याचं डोकं खाल्लंय, आणि ही येऊन जेमतेम आठवडा झालाय.

मला वाटलं होतं ती जाळी घेऊन पळत सुटेल. तशी सुटली असती तर मी आनंदानं परत गेलो असतो. ती वठलेल्या झाडापासून चार हातांवर बसते, आपली सावली खोडावर पडू देत नाही, आणि बसूनच राहते. काळी केसाळ माशी भुंगा घेऊन उतरली की जाळी अशी अलगद टाकते की माशी भुंगा सोडत नाही. मग भक्ष्यासकट बाटलीत. चिठ्ठी तिथंच लिहिते, घरी जाऊन नाही. तुझ्यासारखंच. तुझ्यासारखं नाही, तू सारखा पायाला खाजवत असायचास. ती खाजवतसुद्धा नाही.

रेंज फक्त ओट्यावर येते. संध्याकाळी ती फोन तिथं ठेवून तुझ्याशी मोठ्यानं बोलते. मी आत जाळं विणत बसलो होतो आणि तुझा आवाज आला. हळदीनंतर पहिल्यांदा. आवाज जाड झालाय तुझा, की फोनमुळं?

तू विचारलंस, "सूरज्या आहे का तिथं?"

तिनं दारातून माझ्याकडं बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "नाही, बाहेर गेलेत."

माझ्यासाठी खोटं बोलली ती, तुझ्याशी. तिला काय गरज होती? मला तर तिचा आणखीनच राग आला.

आणि तू म्हणालास, "मिळत नाही तर नाही, आणखी आठवडा बस. सूरजनं डिंभे म्हटलंय ना, मग डिंभेच."

जाळ्याची गाठ चुकली. सगळी ओळ उसवावी लागली.

आज सकाळी ती म्हणाली, "भावजी, तुम्ही मादी बघितली ते नेमकं झाड दाखवा की." धरणाचं पाणी जरा उतरलंय, कडेला गुडघाभर गाळ आहे. त्या गाळात पार आत एक वठलेला आंबा उभा आहे. मी त्याच्याकडं बोट केलं. का केलं? सगळ्यात लांब होता म्हणून. ती साडी... नाही, पँटच घातली होती, ती गुडघ्यापर्यंत दुमडून निघाली. अर्ध्यात एक चप्पल गाळात गेली. तिनं वाकून हात घालून शोधली, मिळाली नाही, मग दुसरीही काढून काठावर फेकली आणि पुढं गेली. मी हसलो. ठकूबाई हसली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "तू आंदी म्हनायचास, तुझी ती म्हातारी का म्हातारा, हितं न्हाईच म्हनून. आता हितं कुटनं आली?"

"न्हवती तवा. आता आलीया," मी म्हटलं.

"माशाच त्या. येत्यात आन् जात्यात," ठकूबाई म्हणाली. पण बघत राहिली.

दुपारी ती चिखलात बरबटून आली तेव्हा मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. म्हणणार होतो, वहिनी, इथं काही नाही, चला पठारावर. तेवढ्यात ठकूबाईनं तिला तव्यावरची गरम भाकरी वाढली आणि मला टोपल्यातली गार. मी तोंड मिटलं, पिशवी उचलली आणि कुणाला न सांगता निघालो. हे मी घोडेगावच्या स्टँडवर पुरं करतोय.

सूरज

आणे, ४ ऑक्टोबर

भरत्या,

मिळाली.

आज सकाळी, पेट्यांच्या वरच्या अंगाला, कातळ संपून बारीक मुरूम लागतो तिथं. मी मादी शोधत नव्हतो असं म्हणणार होतो, पण शोधत होतो. डिंभ्याहून आल्यापासून दुसरं केलंय काय. समृद्धीला सापडण्याआधी मला सापडावी, एवढंच डोक्यात. दोघं होती. शेपटाला शेपूट जोडलेलं, तोंडं दोन दिशांना, मुरमावर बसलेली. त्याची मिशी पांढरी, तिचीही पांढरी, पण ती अंगानं दांडगी.

गाळणी कुठली आता, शेटची मधाची बाटली घेतली आणि दोघांवर पालथी घातली. एका बाटलीत एकच, हा नियम मीच तुला शिकवला होता. मला माहीत होतं. पण मनात आलं, तू बाटली उघडशील तेव्हा जोडी जोडीनंच दिसावी. सूरजनं जोडी पाठवली, असं तू म्हणावंस.

खोलीवर येऊन चहा ठेवला, तो उतू गेला, तो पुसला, आणि बघतो तर तिनं त्याला खाली घेतलं होतं. मानेच्या मागं सोंड. त्याचे पाय हलत होते, मग हलायचे थांबले. तिला कसलीही घाई नव्हती. पिता पिता एकदा तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

खरं सांगू? पहिल्यांदा वाटलं, हे भरत्याला दाखवायला पाहिजे. नवीन लग्न झालेल्या माणसानं बघावं असंच आहे. मी हसलोसुद्धा, एकटाच. मग तो दोन पायांत लोंबकळणारा कोरडा नर बघितला आणि हसू गेलं. पठारावरचा म्हातारा होता तो, आणि माझ्या आगाऊपणानं गेला.

मग चिठ्ठी लिहायला बसलो. ठिकाण, तारीख, कुणाच्या हातची. आणि इथं माझा हात थांबला. आणे लिहिलं की संपलं. समृद्धी डिंभ्याच्या गाळात उभी, आणि मादी माझ्या खोलीच्या वर. म्हणून मी डिंभे लिहिलं. खाली तिचं नाव लिहिलं. होय, तिचं. बाटली ठकूबाईच्या ओट्यावर ठेवून यायची, तिला वाटेल आपल्याच बाटल्यांतली एक आहे, तुला वाटेल सूरज खरं बोलला, कुणाचंच काही बिघडणार नाही. मला माझंच कौतुक वाटलं. एवढं मोठं मन मी याआधी कधी केलं नव्हतं.

मग भिंग काढलं.

शेपटाला काट्यांचं कडं आहे, भरत्या. आखूड, जाड काटे, गोलाकार, माती उकरायला. सुरी नाही. ही साल चिरणारी नव्हेच, ही मुरमातली आहे. तू कागदावर पहिली ओळ लिहायच्या आत बघशील की हिचं वठलेल्या झाडाशी काही नातं नाही. आणि समृद्धी तर भिंगाशिवायच बघेल. तुम्ही म्हणाल, सूरज चुकला असेल. पण तू असं म्हणणार नाहीस. या बाबतीत मी चुकत नाही, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

आणि समजा तू गप्प बसलास. मग ही नवी जात डिंभ्याची म्हणून छापली जाणार, आणि पुढं कितीही वर्षांनी कुणी हिला शोधायला निघालं की ते त्या गाळात शिरणार. इथं पठारावर हिचं घर, आणि हिला जन्मभर दुसऱ्याच गावची म्हणायचं, माझं पोट दुखतंय म्हणून.

ती चिठ्ठी चुलीत घातली. दुसरी लिहिली. आणे, पठार, मुरमाची उतरण. आजची तारीख. भक्ष्य: स्वतःच्याच जातीचा नर. पकडणारा: सूरज. हे सगळं खरं आहे आणि वाचायला फार वाईट दिसतं.

चारही पत्रं एका पाकिटात घालतोय. तू तिला सांगशीलच. मग माझ्याशी बोलायचं ठेवशील की नाही, ते मला इथं बसून कळणार नाही. डिंभ्याला फोन करायला पाहिजे, की वहिनी, गाळातून बाहेर या. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. माशीला तिचं नाव देणार असशील तर दे. मला आवडणार नाही, पण दे. मादी अजून जिवंत आहे, बाटलीच्या काचेवर चढतेय आणि घसरतेय.

बाहेर स्कूटरचा आवाज येतोय. शेट असतील म्हणून उठलो नव्हतो. शेट नाहीत. समृद्धी आहे, आणि तिच्या मागं जाळीची काठी उभी धरून ठकूबाई, जी घोडेगावच्या बाजारापलीकडं कधी गेलेली नाही. बांधावरूनच ओरडतेय, "सूरज्या, पळू नगंस. तुजी समदी लबाडी म्या हिला सांगितलीया." समृद्धी स्कूटर स्टँडला लावतेय. बाटली मी चिठ्ठीसकट उंबऱ्यावर मधोमध ठेवलीय. त्या आल्या.